डोमेन मोकळे मिळाले म्हणजे नाव मोकळे असतेच असे नाही

ऑनलाइन व्यवसायासाठी नाव शोधणारी बहुतेक मंडळी एकाच रीतीने शोध घेतात. सुचलेले नाव डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विकणाऱ्या संकेतस्थळावर टाकायचे, डॉट कॉम किंवा डॉट इन उपलब्ध दिसले की लगेच पैसे भरायचे आणि त्याच संध्याकाळी लोगोच्या मागे लागायचे. आमच्या घरगुती मसाल्यांच्या आणि भाजणीच्या व्यवसायाचे नावही असेच ठरले होते. पुढे पाकिटे छापून झाली, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर आणि जीएसटीच्या नोंदणीवर तेच नाव चढले, नेहमीची गिऱ्हाइके त्याच नावाने ऑर्डर देऊ लागली, आणि मग दुसऱ्या जिल्ह्यातील एका मसालेवाल्यांच्या वकिलाची नोटीस आली. त्यांच्या नावाचा उच्चार आमच्यासारखाच होता. रोमन स्पेलिंगमध्ये काय तो एका अक्षराचा फरक. प्रकरण आपसात मिटले आणि आम्ही नाव बदलले, म्हणून ती दोन्ही नावे इथे देत नाही. परंतु छापील पाकिटांचे न फोडलेले गठ्ठे बाहेर काढताना जे वाटले ते अजून मनातून गेलेले नाही.

डोमेनची व्यवस्था फक्त अक्षरे जुळवून पाहते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. 'शिदोरी' हेच नाव उदाहरणादाखल घ्या. 'शि' कोणी एस-एच-आय असा लिहील, कोणी एस-एच-डबल ई. शेवटच्या 'री'चेही तेच. अशी चार-पाच स्पेलिंगे सहज होतात आणि डोमेनच्या लेखी ती चार-पाच वेगळी नावे असतात. त्यातले एखादे मोकळे सापडतेच, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. कायदा मात्र असे अक्षर मोजत बसत नाही. ऐकणाऱ्याची गल्लत होईल का, हे तो पाहतो. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच म्हटले होते की, विचार करायचा तो साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट स्मरणाच्या सामान्य गिऱ्हाइकाचा. 2004 मध्ये 'सिफी' या नावाचा वाद त्याच न्यायालयात गेला. प्रतिवादीच्या डोमेनमध्ये एक 'एफ' जास्त होता, तरीही तेवढ्याने नाव वेगळे ठरले नाही, आणि डोमेन हेही व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळण्याजोगे असते, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. तेव्हा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवून मिळवलेले डोमेन हा तोडगा नव्हे, हे कृपया पक्के ध्यानात ठेवा.

ट्रेडमार्क, म्हणजे मालाचे व्यापारी नाव किंवा चिन्ह, नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनामूल्य करता येतो. तिथे शब्दानुसार शोधाबरोबरच उच्चारानुसार शोधाचीही सोय आहे आणि बहुतेकजण नेमकी तीच वगळतात. आपल्याला सुचतील तेवढी सगळी स्पेलिंगे कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून दोन्ही प्रकारे तपासा. नोंदणीसाठी माल आणि सेवा यांचे एकूण 45 वर्ग आहेत. मसाले 30 मध्ये येतात, पण लोणची 29 मध्ये आणि ऑनलाइन विक्रीची सेवा 35 मध्ये; म्हणून एकाच वर्गात पाहून थांबू नका. अजून मंजुरी न मिळालेले, नुसते दाखल झालेले अर्जही तितक्याच गांभीर्याने वाचा. या कामाला एक निवांत दिवस पुरतो आणि त्यासाठी वकील असण्याची गरज नाही.

कंपनीचे नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून मंजूर झाले की आता धोका नाही, असा आणखी एक समज आहे. स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या भागात दोन पर्यायी नावे देता येतात, शुल्क 1,000 रुपये असते आणि मंजूर झालेले नाव 20 दिवस राखून ठेवले जाते. परंतु ती मंजुरी म्हणजे त्या नावाने माल विकण्याचा हक्क नव्हे. शिवाय ज्यांनी कंपनी काढलीच नाही, असे एकल मालकीचे कितीतरी जुने व्यावसायिक मंत्रालयाच्या कंपन्यांच्या यादीत दिसणारच नाहीत. ट्रेडमार्क कायद्याचे कलम 34 आधीपासून नाव वापरणाऱ्याला, त्याची नोंदणी नसली तरी, संरक्षण देते. म्हणून गूगल नकाशे, इन्स्टाग्राम, मोठी विक्रीस्थळे आणि आपल्या भागातील घाऊक बाजार, या सर्व ठिकाणी चौकशी केलीच पाहिजे.

हे वाचून घाबरून जाऊ नका. चांगली नावे संपलेली नाहीत. मालाचे नुसते वर्णन करणारी 'शुद्ध', 'घरगुती', 'अस्सल' यांसारखी नावे नोंदणीत अडकतात आणि कोणाचीच होत नाहीत. याउलट मालाशी थेट संबंध नसलेला एखादा साधा मराठी शब्द पुष्कळदा मोकळा मिळतो. अंकशास्त्र सांगते म्हणून स्पेलिंगमध्ये जादा 'ए' घालायला सांगणाऱ्यांचा सल्ला मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते डोमेन पुढे फोनवर प्रत्येकाला अक्षर अक्षर सांगत बसावे लागते. मानधन घेऊन नावे सुचवणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा आपल्याच धंद्यात दहा वर्षे काढलेला माणूस अधिक उपयोगी पडतो. त्याला नाव एकदाच ऐकवावे आणि लिहून दाखवायला सांगावे.

शोध समाधानकारक वाटला की डोमेन घेण्यात वेळ दवडू नये. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घ्यावीत. देवनागरीतील डॉट भारत हवे तर जोडीला घ्यावे, मुख्य पत्ता म्हणून नव्हे. खाते स्वतःच्या ईमेलवर उघडावे, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीवर न जाता नूतनीकरणाचा दर आधी पाहावा. त्याच आठवड्यात ट्रेडमार्कचा अर्ज करावा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये लागतात, इतरांना 9,000. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. ती मुदत सरेपर्यंत छापील पाकिटांची मोठी ऑर्डर देऊ नये. कोऱ्या पाकिटांवर स्टिकर लावून माल पाठवावा.