पहिलं होम थिएटर: पैसे कुठे घालायचे आणि सबवूफर कुठे ठेवायचा

हॉल टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि सोफ्यावर टेकून बसल्यावर तुमचं डोकं मागच्या भिंतीपासून किती फुटांवर येतं तेही. हे चार आकडे कागदावर लिहिल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. हॉल स्वयंपाकघराला उघडा असेल, तर स्वयंपाकघरही मोजा, कारण खर्जातल्या आवाजाच्या लेखी ती एकच खोली असते.

गेल्या पंधरा वर्षांत स्वतःच्या दोन घरांत आणि नातेवाईक-मित्रांच्या वीसेक घरांत मी असे संच बसवले. बहुतेक सगळे टू बीएचकेच्या हॉलमध्ये, दहा बाय चौदा किंवा अकरा बाय सोळा. प्रत्येक घरी मी पोचायच्या आधी कुणीतरी सल्ला देऊन गेलेलं असतं: सात स्पीकर घ्या, छतावरून आवाज येणारे घ्या, हजार वॉटचा घ्या. या सल्ल्यांनी लोकांचे पैसे जातात आणि वर संवादही ऐकू येत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

पैशांची वाटणी

हाताशी ९० हजार रुपये आहेत असं धरू. माझी वाटणी अशी: रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणारा ॲम्प्लिफायर) ३०, पुढचे दोन स्पीकर आणि मधला सेंटर मिळून ३०, सबवूफरला (फक्त खर्जाचा स्पीकर) २५, वायर आणि स्टँडला ५. मागचे दोन स्पीकर आज घेऊ नका, पुढच्या वर्षी घ्या. रिसीव्हर ५.१ चाच (पाच स्पीकर, एक सबवूफर) येतो आणि मागच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी चालतं. सेटिंगमध्ये सराउंड, म्हणजे हेच मागचे दोन, नाहीत असं सांगितलं की तो आवाज पुढच्या स्पीकरांत मिसळून येतो, गळून पडत नाही. तीन चांगले स्पीकर आणि एक चांगला सबवूफर, एवढ्यावर बसलेला संच सात सुमार स्पीकरांना सहज मागे टाकतो.

बजेट ५० हजारांच्या आत असेल, तर सेंटरही सोडा. दोन चांगले बुकशेल्फ (स्टँडवर मावणारे छोटे) स्पीकर आणि सबवूफर घ्या. दोघं जण मधोमध बसत असाल तर संवाद पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात.

एकाच खोक्यात सगळं असलेला संच घेऊ नका. त्यातल्या बारक्या स्पीकरांना मुळात खालचे सूर झेपत नाहीत, म्हणून सबवूफरला पार १५०-२०० हर्ट्झपर्यंत गायला लावलेलं असतं. मग नायकाचा अर्धा आवाज पडद्यातून आणि अर्धा कोपऱ्यातल्या डब्यातून येतो. शिवाय अनेक संचांच्या पिना त्यांच्या त्यांच्याच असतात. एक भाग गेला की सगळा संच अडगळीत जातो.

रिसीव्हर आणि वॉटचा घोळ

नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' वॉटचे अवाढव्य आकडे छापलेले असत. ते स्टिकर गेलं, सवय राहिली. आज खोक्यावर १५० वॉट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के विकृती. तुम्हाला हवा आहे तो दुसरा आकडा: दोन चॅनल एकदम चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती एक टक्क्याहून कितीतरी कमी. तो ७०-८० वॉट निघाला तर दहा बाय चौदाच्या हॉलला पोटभर झाला.

वॉटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता बघा. डेसिबलमधला हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो. ३ डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात. म्हणजे ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतलात, तर तोच रिसीव्हर दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वागतो, आणि त्यासाठी रिसीव्हरवर एक रुपया जास्त जात नाही. पहिल्या संचाला ४ ओहमचे स्पीकर टाळा. स्वस्त रिसीव्हर त्यांच्यापायी तापतात.

बाकी रिसीव्हरमध्ये तीन गोष्टी बघा: आवाज मोजणारा माइक सोबत येतो का, क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) हवा तसा बदलता येतो का, आणि एचडीएमआयला एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून रिसीव्हरकडे आणणारी सोय) आहे का. ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस (छतावरूनही आवाज आणणारा प्रकार) साध्या एआरसीतूनही जातो. ईएआरसी खरी लागते ती ब्ल्यू-रेचा मूळ आवाज टीव्हीमार्गे नेताना. देनॉन असो की यामाहा, या किमतीत आवाजाचा फरक नगण्य आहे. तुमच्या गावात दुरुस्ती कुणाची होते ते विचारा आणि तो घ्या.

रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंबू नका. वर वीतभर जागा मोकळी हवी.

पुढचे तीन

दुकानात डोळे मिटून बोलणाऱ्या माणसाचा आवाज ऐका. बातम्या लावायला सांगा, गाणी नकोत. आवाज नाकातून किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला तर उठा.

सेंटर पुढच्या दोन स्पीकरांच्याच मालिकेतला घ्या. वेगळ्या कंपनीचा घेतला, तर डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधे येऊन बदलतो. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात मागे सारू नका. कडेला पुढे ओढा आणि कानांकडे थोडा वर तिरका करा. 'संवाद ऐकू येत नाहीत' ही तक्रार घेऊन मला बोलावलेल्या घरांपैकी अर्ध्या घरांत एवढ्यानंच काम झालं. उरलेल्या घरांत गुन्हेगार फरशी होती. आपल्याकडे खाली व्हिट्रीफाइड टाइल्स, चारी बाजूंना विटा नाहीतर काँक्रीट, वर स्लॅब. टाळी वाजवली की खोली उत्तर देते. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा घाला, तो नसेल तर दोन सतरंज्या एकावर एक, आणि खिडक्यांना जाड पडदे लावा. हे आधी करा आणि मग सेंटरला नावं ठेवा.

जुने स्पीकर घ्यायला माझी हरकत नाही, जुना रिसीव्हर मात्र नको. त्याची एचडीएमआय मागे पडलेली असते आणि दुरुस्ती महाग पडते. जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीची कडा बोटानं हलकेच दाबून बघा. फोमची असेल आणि चुरा हाताला लागला, तर सोडून द्या. मुंबईच्या, कोकणातल्या दमट हवेत फोम लवकर मरतो. रबराची कडा टिकते.

सबवूफर, म्हणजे खरं काम

माझे आठ महिने इथे वाया गेले. हॉल दहा बाय चौदा, सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर, मागे जेवणाचं टेबल. आठ इंची सबवूफर टीव्हीच्या कोपऱ्यात ठेवला, कारण वायर तिथवर पोचत होती. टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या छातीत दणका बसायचा आणि सोफ्यावर बसलेल्या मला काहीच नाही. मी आवाज वाढवला, खालच्या मजल्यावरून बेल आली. दुकानदारानं सांगितलं, सबवूफर छोटा पडतो आहे. मी विश्वास ठेवला आणि आठ इंची विकून बारा इंची आणला. सोफ्यावर तेच भोक, फक्त टेबलापाशी आता भांडी वाजू लागली. महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा घालून मी काहीच मिळवलं नव्हतं.

कारण साधं आहे आणि ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाचा आवाज आपटून आपटून उभा राहतो. कुठल्या सुराला ते होणार, हे टेपवरून कळतं: ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा. चौदा फुटांना सुमारे ४० हर्ट्झ, दहा फुटांना ५६. त्या सुराचा आवाज भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. माझा सोफा त्याच शून्यात होता. तिथे कितीही वॉट आणा, तिथून परतलेला आवाज आलेल्या आवाजाला खाऊन टाकतो. रिसीव्हरचं माइकनं मोजून होणारं ऑटो सेटिंगही असलं भोक बुजवू शकत नाही. ते फक्त सबवूफरला अधिक ताण देतं.

आपल्या फ्लॅटमध्ये याला आणखी एक जोड मिळते. रुंदी दहा फूट आणि छत साडेनऊ फूट, म्हणजे ५६ आणि ५९ हर्ट्झ. दोन उसळ्या एकमेकींना चिकटल्या की त्या एका पट्ट्यात सगळं घुमतं. परदेशातल्या लाकडी चौकटीच्या पातळ भिंतींतून खर्ज बराचसा बाहेर निसटतो, आपल्या विटांच्या भिंती त्याला आत कोंडून ठेवतात. परदेशी व्हिडिओ बघून मोठा सबवूफर घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दहा बाय चौदाला दहा इंची पुरतो. हॉल आणि स्वयंपाकघर एक असेल तरच बाराकडे वळा.

आता करायचं काय? आधी सोफा मध्यावरून हलवा. मागच्या भिंतीला चिकटवला तर उलटी गत होते, खर्ज फुगतो, आणि बहुतेक घरांत सोफा तिथेच असतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढता आला तर फार फरक पडतो. माझा सोफा मध्यापासून दोन फूट मागे गेला आणि आठ महिन्यांचं दुखणं एका दुपारी अर्धं कमी झालं.

मग सबवूफरची जागा शोधा, आणि ती उलटीकडून शोधा. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे तुमचं डोकं येतं तिथे. लांब वायर लागेल, उसनी आणा. मोबाइलवरून ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा, मध्यम आवाजात. आता भिंतींच्या कडेनं गुडघ्यांवर रांगत फिरा, कान जमिनीलगत. जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे थांबा. काही जागी सूर मधेच गायब होईल, काही जागी कानठळ्या बसतील. जिथे तो वर चढताना सगळ्यात सारखा ऐकू येतो, तिथे खूण करा. ती सबवूफरची जागा. लोक हे करायला लाजतात, पण याला पर्याय म्हणून मला अजून काही सापडलेलं नाही. कोपरा जवळजवळ कधीच जिंकत नाही, कारण कोपऱ्यात सगळ्या उसळ्या एकदम जाग्या होतात. माझ्या हॉलमध्ये जागा निघाली उजव्या भिंतीच्या मध्याजवळ, देवघराच्या शेजारी. घरच्यांशी बोलून देवघर तिथेच राहिलं आणि सबवूफर फूटभर पुढे आला.

खात्री करायला सिनेमाचा स्फोट लावू नका, स्फोटात सगळंच चांगलं वाटतं. एखादा ओळखीचा अभंग लावा, ज्यात पखवाज स्पष्ट आहे. कणीक लावलेल्या डाव्या अंगाची प्रत्येक थाप सुरू झालेली आणि संपलेली कळली पाहिजे. थापा एकमेकींत सांडत असतील तर जागा चुकली आहे.

पुढचं बटणांचं काम पाच मिनिटांचं. सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हर पूर्ण वर फिरवा, म्हणजे छाटणी फक्त रिसीव्हर करेल. दोघांनीही छाटलं तर मधे खड्डा पडतो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर असले तरी, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. त्याच्या खालचा आवाज कुठून येतो आहे ते कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर बाजूच्या भिंतीला असला तरी खटकत नाही. सबवूफरवरचं फेजचं (आवाजाची लाट उलटवणारं) बटण ० आणि १८० वर करून बघा. सोफ्यावर पखवाज जास्त भरीव वाटेल तिकडे सोडा.

शेजाऱ्यांसाठी खाली रबरी मॅट घाला. तिनं फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा खर्ज थांबत नाही. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारा) लावा.

वायर, आणि शेवटचं मोजमाप

वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मीटरवर मिळते. टोक खरवडून बघा, आतून चंदेरी निघालं तर ते बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. पुढच्या वर्षीच्या सराउंडसाठी केसिंग-कॅपिंग आताच मारून वायर आत ओढून ठेवा. ते दोन स्पीकर तुमच्या दोन्ही कुशींना, कानांच्या किंचित मागे येतील.

शेवटी रिसीव्हरसोबत आलेला मोजणीचा माइक स्टँडवर लावा, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कानांच्या उंचीवर धरा, पंखा आणि फ्रिज बंद करा. मोजणी झाली की क्रॉसओव्हर पुन्हा तपासा, काही रिसीव्हर तो स्वतःच्या मनानं ४० करून ठेवतात. सबवूफरचं अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा चार-पाच फूट जास्त दिसलं तर टेप घेऊन ते दुरुस्त करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि रिसीव्हरनं तो उशीरच अंतर म्हणून मोजलेला असतो.