मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर: कारणे, परिणाम आणि मोठ्यांनी करायच्या गोष्टी

हे मार्गदर्शन शिक्षक, नातेवाईक, शेजारी, पाळणाघरात काम करणाऱ्या व्यक्ती आणि मुलांच्या रोजच्या सहवासातील कोणाही मोठ्या माणसासाठी आहे. मुलाच्या बाबतीत काहीतरी बिनसले आहे असे जाणवूनही अनेक जण गप्प राहतात, कारण ‘आपल्याकडे पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांना अडवतो. पुरावा गोळा करणे आणि दोषी कोण हे ठरवणे ही कामे प्रशिक्षित यंत्रणेची आहेत. मुलाभोवतीच्या माणसांनी लक्ष ठेवावे, नीट ऐकून घ्यावे आणि रास्त शंका योग्य ठिकाणी पोहोचवावी, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते.

प्रथम अत्याचाराची व्याप्ती ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या 18 वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू होते आणि तिच्यात शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचार, भावनिक छळ व हेळसांड यांच्याबरोबर आर्थिक शोषणही येते. यांपैकी हेळसांड सर्वांत सहज नजरेआड होते, कारण तिथे कोणी हात उगारलेला नसतो. मुलाला पोटभर खायला न मिळणे, दुखणे अंगावर काढावे लागणे, लहान भावंडांना सांभाळत तासन्‌तास एकटे राहावे लागणे, या गोष्टींचा गाजावाजा होत नाही. मात्र त्यांची झीज मारहाणीइतकीच खोल असू शकते.

कारणांचा विचार करताना एक पथ्य पाळावे. कारण समजून घेतल्याने अत्याचार करणाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, आणि मुलाचे वागणे हे तर कधीच कारण नसते. कारणे शोधायची ती मदत कुठे आणि केव्हा पोहोचवावी हे कळण्यासाठी. व्यसन, बाळंतपणानंतरचे नैराश्य, पती-पत्नींमधील हिंसाचार, कर्जाचा किंवा बेकारीचा ताण आणि हाकेला धावून येणारे कोणी नसणे, या गोष्टी एकत्र आल्या की घरातील धोका वाढतो. ज्यांना स्वतःच्या बालपणी मार खावा लागला त्यांच्या बाबतीत शक्यता काहीशी वाढते हे खरे, तरीही त्यांच्यातील बहुसंख्य माणसे आपल्या मुलांना जपून वाढवतात, म्हणून कोणाच्या पूर्वायुष्यावरून त्याच्याबद्दल निष्कर्ष काढू नये. ज्या मुलांना बोलता, चालता किंवा समजून घेता येण्यात अडचण आहे त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसाचार होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत 3.7 पट होती.

पालकांच्या अवास्तव अपेक्षा हे आणखी एक मोठे कारण आहे. पाच वर्षांच्या मुलाने झोपेत अंथरूण ओले करणे सर्रास आढळते. पण ते ‘मुद्दाम’ केले असे मानणारा पालक शिक्षेपर्यंत पोहोचतो. तान्ह्या बाळाचे रडणे पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वाधिक होते आणि तीन ते पाच महिन्यांच्या सुमारास ओसरते. हे ठाऊक नसलेला, रात्र रात्र न झोपलेला माणूस बाळाला गदागदा हलवतो आणि काही सेकंदांत मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून प्रत्येक नव्या पालकाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे: सहन होईनासे झाले तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित झोपवा, खोलीबाहेर जा, काही मिनिटे शांत व्हा, कोणाला तरी फोन करा. थोडा वेळ रडल्याने बाळाला इजा होत नाही, हलवल्याने होते.

लैंगिक अत्याचाराची घडण याहून वेगळी असते, आणि दोन्हींना एकच कारणमीमांसा लावणे मला घातक वाटते. तो बहुधा रागाच्या भरात घडत नाही. करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीची असते, आधी मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा विश्वास संपादन करते, भेटवस्तू देते, एकांत मिळवते, स्पर्शाची मर्यादा हळूहळू ओलांडत जाते आणि ‘हे आपल्या दोघांतच ठेवायचे’ अशी गळ घालते. त्यामुळे मोठ्या माणसाने मुलाला गुपित ठेवायला सांगणे ही धोक्याची खूण आहे, हे मुलांना लहानपणापासून शिकवावे.

परिणामांपैकी शरीरावरील खुणा आधी पाहू. खेळताना पडणाऱ्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर, म्हणजे हाड वर असलेल्या जागी काळेनिळे डाग उठतात. कान, मान, पोट, पाठ, कुल्हे किंवा मांडीची आतली बाजू या ठिकाणचे डाग मात्र सहज पडल्याने उठत नाहीत. जे बाळ अजून धरून उभेही राहत नाही त्याच्या अंगावरील लहानसा डागही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा. हातमोजा किंवा पायमोजा घातल्यासारखी सरळ कडा असलेला भाजल्याचा व्रण आणि दर वेळी बदलणारा खुलासा हे दोन्ही गंभीर मानावेत. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे मात्र ठरवू नये. ती पद्धत विश्वासार्ह नाही. तसेच लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या वैद्यकीय तपासणीत काहीही आढळत नाही, त्यामुळे तपासणीत काही निघाले नाही म्हणून मूल खोटे बोलते असे समजू नये.

वागण्यातील बदल अधिक बोलके असतात आणि त्यांचाच सर्वाधिक चुकीचा अर्थ लावला जातो. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान, विशिष्ट व्यक्तीकडे जायला ठाम नकार, शाळा सुटल्यावरही रेंगाळणे, स्वतःला इजा करून घेणे या खुणांपैकी एखादीच दिसली तर तिची इतर कारणेही असू शकतात. अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल महत्त्वाचा. वर्गात भांडणाऱ्या मुलाकडे लक्ष जाते, पण कधीच काही न मागणारे, मोठ्यांच्या चेहऱ्याचा सतत अंदाज घेत राहणारे ‘गुणी’ मूल निसटून जाते.

या वागण्याला शारीरिक आधार आहे. सतत भीतीच्या छायेत राहणाऱ्या मुलाच्या शरीरातील ताणाशी संबंधित संप्रेरकांचे नियमन बिघडते आणि धोका ओळखणे, स्मरण व आवेगावर ताबा ठेवणे या कामांशी निगडित मेंदूच्या भागांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दूरगामी परिणामांबाबत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी 1998 मध्ये अमेरिकेतील 9,500 हून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी अत्याचार किंवा घरातील हिंसाचार, व्यसन अशा सातपैकी चार वा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका असे कोणतेच अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट होता. हे आकडे समूहाचे आहेत. त्यांवरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवणे चूक ठरेल, कारण विश्वासाचे एक स्थिर मोठे माणूस आणि वेळेवर उपचार मिळाल्यास पुष्कळ मुले सावरतात.

आता मूल तुमच्याशी बोलू लागले तर काय करावे? बहुधा ते भलत्याच वेळी, अर्धवट वाक्यात बोलेल: ‘मला त्यांच्याकडे शिकवणीला नाही जायचं.’ अशा वेळी ‘का? त्यांनी तुला हात लावला का?’ असे विचारू नये, कारण उत्तर प्रश्नातच घातल्याने मुलाचे कथन पुढे संशयास्पद ठरू शकते. ‘बरं, मला सांग त्याबद्दल’ एवढे म्हणावे आणि थांबावे. मध्येच आलेली शांतता भरून काढण्याची घाई करू नये, चेहऱ्यावर धक्का किंवा संताप दिसू देऊ नये. बोलून झाल्यावर ‘तू सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी काहीही चूक नाही’ हे जरूर म्हणावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र कधीही देऊ नये. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन’ हे खरे आणि पाळता येणारे उत्तर आहे.

त्यानंतर लगेच, शक्यतो तासाभरात, मुलाचे शब्द त्याने वापरले तसेच लिहून काढावेत, सोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि तुम्ही विचारलेले प्रश्नही लिहावेत. मुलाची भाषा सुधारू नये, स्वतःचा अंदाज वेगळा नोंदवावा. मुलाला तीच हकिकत इतरांसमोर पुन्हा सांगायला लावू नये. संशयित व्यक्तीला जाब विचारण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे मुलावर दबाव येतो आणि पुरावे नाहीसे होतात. बाल हेल्पलाइन, पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा यांच्याकडे माहिती द्यावी. अनेक देशांत हे कायद्यानेच बंधनकारक आहे. मूल त्या क्षणी धोक्यात असेल तर थेट पोलिसांना बोलवावे. लैंगिक अत्याचार नुकताच झाला असल्यास मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत आणि शक्य तितक्या लवकर, 72 तास उलटण्यापूर्वी, रुग्णालय गाठावे. मुदत उलटली असली तरीही तपासणी टाळू नये.

तक्रारीनंतर मूल आपले म्हणणे मागे घेऊ शकते. घर मोडेल ही भीती, नातेवाइकांचे टोमणे, आईचे रडणे यांपुढे ते नमते. हे पुष्कळदा घडते आणि केवळ तेवढ्यावरून आधीचे म्हणणे खोटे ठरत नाही. पुढे काय होणार आहे हे मुलाला सोप्या शब्दांत आधी सांगावे, शाळा, खेळ आणि झोपेची वेळ शक्यतो तीच ठेवावी, आणि आघातावर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या समुपदेशकाकडे न्यावे. विश्वासातील पालक या उपचारांत सहभागी झाल्यास अधिक लाभ होतो. पहिल्या कार्यालयाने दखल घेतली नाही तर वरिष्ठांकडे किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे लेखी जावे, पोहोच मागून घ्यावी, आणि नवी खूण दिसली की पूर्वीच्या नोंदीसह नवी तक्रार द्यावी.