ओआरएसच्या पुडीपासून एसएलसी5ए1 पर्यंत : ट्रान्सपोर्टर जीन्स शिकायला निघालेल्यांसाठी

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. पहिला पाऊस पडून विहिरीचं पाणी गढूळ झालं की घरोघरी हगवण सुरू. मी अकरावीत असताना काकाच्या तीन वर्षांच्या पोराला सकाळपासून जुलाब लागले होते. काकूनं ओआरएसची अख्खी पुडी एका पेल्यात ओतली आणि चमच्यानं ढवळायला लागली. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी पेला हातातून घेऊन मोरीत ओतून दिला. "पुडी लिटरभर पान्यात टाका लागते वहिनी, पेल्यात नाही. घट्ट केलं तं जुलाब वाढतेत." त्यांनी दुसरी पुडी फोडली, लिटरची बाटली मोजून पातेल्यात रिकामी केली, घोट-घोट पाजायला सांगितलं आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या देऊन गेल्या. दिवस मावळायच्या आत पोरगं उठून बसलं.

साखर आणि मीठच तर आहे, मग घट्ट केलं तर बिघडतं काय? हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला. उत्तर एमएस्सीला मिळालं आणि त्याच उत्तरानं मला या विषयात आणलं: पेशीच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर नेणारी प्रथिनं, म्हणजे ट्रान्सपोर्टर, आणि ती ज्यांच्यावरून बनतात ती जीन्स.

आपल्या लहान आतड्याच्या पेशींच्या पटलात एसजीएलटी1 नावाचं प्रथिन असतं. ते ज्या जीनवरून बनतं, त्याचं अधिकृत नाव एसएलसी5ए1. हे प्रथिन सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू सोबतच पेशीत घेतं, आणि त्यांच्या मागे परासरणानं पाणी जातं. म्हणून पुडीत दोन्ही हवेत. सध्याच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला 75 मिलिमोल. पेलाभर पाण्यात तेवढंच घातलं तर परासरण उलटं होतं. शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं.

पटकीत (कॉलऱ्यात) तर दोन जीन्सचा खेळ एकाच वेळी दिसतो. पटकीच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतली, सीएफटीआर या दुसऱ्या जीनवरून बनणारी दारं उघडीच राहतात, क्लोराइड बाहेर पडतं आणि मागोमाग पाणी. पण एसजीएलटी1 धडधाकट असतं. एका दारानं पाणी जात असताना दुसऱ्या दारानं ते आत घेता येतं, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. पटकीचं विष शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये कलकत्त्यात दाखवून दिलं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांत भरून वाटलं आणि हजारो जीव वाचले. एसजीएलटी1 चं जीन मात्र हाती लागलं 1987 मध्ये, तेही आधी सशाचं.

आता नव्यानं येणाऱ्यांसाठी. ट्रान्सपोर्टरांच्या एसएलसी या मोठ्या गटात माणसाची चारशेच्या वर जीन्स आहेत, एबीसी या दुसऱ्या गटात अठ्ठेचाळीस. पहिल्याच महिन्यात ही यादी पाठ करायला बसू नका. मी बसले होते. परीक्षेत त्याचा उपयोग झाला नाही आणि विषयाची धास्ती बसली ती वेगळीच. नाव सातबारासारखं वाचा. आधी गट नंबर, मग पोटहिस्सा. एसएलसी5ए1 म्हणजे पाचव्या कुटुंबातलं पहिलं. त्याचा शेजारी एसएलसी5ए2 मूत्रपिंडात गाळलेलं ग्लुकोज परत घेतो. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्यालाच अडवतात, म्हणून साखर लघवीवाटे जाते. एसएलसी30 कुटुंब झिंक पेशीद्रवाच्या बाहेर काढतं, एसएलसी39 आत आणतं. आशाताईंच्या गोळ्यांचा धागा तिथे जुळतो. आपल्या घरातलं, गावातलं एखादं औषध किंवा आजार धरा आणि त्याच्या जीनपर्यंत जा. एक जीन नीट कळलं की बाकीची त्याच्या आधारानं कळतात.

मुलं सगळ्यात जास्त अडतात ती एका ठिकाणी. सोडियम आत शिरताना ग्लुकोजला ओढून नेतो, पण त्याला तो जोर येतो कुठून? शेतातली मोटार आठवा. लाइन असते तेव्हा मोटार विहिरीतलं पाणी वरच्या टाकीत चढवते, नंतर तेच पाणी आपोआप उतारानं वाफ्यात जातं. पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप ही मोटार. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. एसजीएलटी1 स्वतः एटीपी वापरत नाही, ते उताराच्या पाण्यावर चालतं. एबीसी गटातल्या बहुतेकांना मात्र स्वतःचं एटीपी लागतं.

प्रयोगशाळेतली एक चूक सांगते, तुमचे दोन महिने वाचतील. सोडियम नसेल तर एसजीएलटी1 साखर घेत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. मिठाऐवजी कोलिन क्लोराइड घालून सोडियमविरहित बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बनवला. साखर म्हणून अल्फा-मिथाइल-ग्लुकोसाइड घेतली, कारण ती एसजीएलटी1 उचलतं पण ग्लुट (सोडियमशिवाय ग्लुकोज नेणारे) वाहक उचलत नाहीत आणि पेशी ती जाळतही नाही. तरी प्रत्येक वेळी सोडियम नसलेल्या पेशींतही थोडी साखर जायचीच. पेशी बदलल्या, रसायनं नवीन मागवली, रात्री रडलेसुद्धा. शेवटी मॅडमनी माझी वही समोर ओढली आणि एकच विचारलं, "बफरचा पीएच कशानं आणलास?" सोडियम हायड्रॉक्साइडनं! दर वेळी थेंब-थेंब करत मीच त्यात सोडियम घालत होते. त्यानंतर पीएच ट्रिस बेसनं आणला आणि पहिल्याच प्रयोगात आकडा खाली बसला. तेव्हापासून कोणत्या बाटलीतून किती थेंब घातले, हेसुद्धा मी वहीत लिहिते.

इंग्रजीची भीती माझीही होती. शाळेत विसरण, परासरण, प्रद्रव्यपटल शिकलो, आणि वर्गात सगळं इंग्रजीतून आलं. मी वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी शब्द लिहायची आणि उजव्या पानावर, आपल्या मायला समजावून सांगावं तशा मराठीत, त्याचा अर्थ. सहा महिने लागले, पण शोधनिबंध वाचता येऊ लागले. युनिप्रॉट, एनसीबीआय, अल्फाफोल्ड या जीन्स-प्रथिनांची माहिती देणाऱ्या साइट्स, सगळं फुकट आहे आणि मोबाइलवर उघडतं. एसएलसी5ए1 टाकून बघा. 664 अमिनो आम्लांची साखळी पटलातून 14 वेळा आरपार गेलेली दिसेल.

प्रवेशासाठी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातच जॅम आणि गॅट-बी या एमएस्सी प्रवेशाच्या दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरा. आमच्या कॉलेजात त्यांची नावंही कोणी सांगितली नव्हती, वर्ष वाया गेलं. गॅट-बीतून डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो आणि विद्यावेतनही असतं. पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. बाबांनी वावरातलं एक हिरवं बोंड तोडून माझ्यासमोर फोडलं, आत गुलाबी अळी. 2017 चा बोंडअळीचा हंगाम आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. मी बाबांना सांगितलं, बीटी कपाशीतल्या एका विषाला ही अळी दाद देत नाही. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अशा अळ्यांत एबीसीए2 नावाचं जीन बिघडलेलं सापडलं, 2018 मध्ये ते छापूनही आलं. मी ज्या एबीसी गटाचं शिकते, त्याच गटातलं जीन. बाबा बराच वेळ ते बोंड हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग पोरी, हे बी वाचून ठेव." ते बोंड कागदात गुंडाळून मी बॅगेत ठेवलं.