टीबी लॅबमध्ये रुजू होताना: रिपोर्टमागे काय दिसलं ते ओळखा

टीबी लॅबमध्ये नव्याने येणारी मुलं-मुली बहुधा आधी जीनएक्स्पर्ट, म्हणजे नमुन्यात टीबीच्या जंतूचं डीएनए शोधणारं मशीन, पाहायला मागतात. मी त्यांना आधी नमुने स्वीकारायच्या टेबलावर बसवते. डबीत दाट बेडका आहे की नुसती लाळ, तो ३ ते ५ मिलिलिटर भरतो का, डबीवरचं आणि फॉर्मवरचं नाव जुळतं का, हे तिथेच पाहायचं असतं. काम कंटाळवाणं वाटतं, पण लाळेवर केलेली तपासणी कितीही महाग असली तरी तिच्या ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही. आणि तो रिपोर्ट घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो.

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्यातच पक्की करा: प्रत्येक तपासणी वेगळं काहीतरी पाहते. झील-नील्सन स्लाइडवर, म्हणजे बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्टीवर, दिसतात ते आम्लाने रंग न सोडणारे जंतू. ते टीबीचेच असतील असं नाही, त्याच कुळातले इतर मायकोबॅक्टेरियाही तसेच लाल दिसतात. शिवाय ते स्लाइडवर दिसायला मिलिलिटरमागे साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. म्हणून निगेटिव्ह म्हणण्याआधी १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) खरोखर पाहायची. मान दुखायला लागली की थांबा, डोळ्यांना विसावा द्या, पण फील्ड गाळू नका.

जीनएक्स्पर्ट डीएनए पाहतं. जंतू जिवंत आहे का, हे त्याला कळत नाही. त्याचं अल्ट्रा नावाचं काट्रिज तर फारच थोड्या डीएनएवरही ‘ट्रेस’ दाखवतं. पूर्वी टीबीचे उपचार घेतलेल्या माणसात तो मेलेल्या जंतूंचा अवशेष असू शकतो. ट्रेस आल्यावर जंतू रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे सांगता येत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणून फॉर्मवरचा ‘पूर्वी उपचार घेतले आहेत का’ हा रकाना रिकामा आला तर मी फोन करून विचारते.

कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं, जिवंत जंतू पाहतं, आणि म्हणूनच ते हळू चालतं. हा जंतू दुप्पट व्हायला १५ ते २० तास घेतो. एलजे या घट्ट माध्यमावर जंतूंच्या वसाहती दिसायला काही आठवडे जातात. एमजीआयटीची, म्हणजे मशीनमध्ये ठेवायच्या द्रव माध्यमाची, नळी लवकर पॉझिटिव्ह होते, पण निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. इथली खरी कसोटी सोडियम हायड्रॉक्साइडची आहे, नमुन्यातले इतर जीवाणू मारायला ते घालतात. ते कमी पडलं तर इतर जीवाणू नळी व्यापतात. जास्त वेळ ठेवलं तर टीबीचा जंतूही मरतो. म्हणून महिन्याच्या तक्त्यात दूषित नळी एकही नसेल तर मला समाधान वाटत नाही, मी टायमर आणि द्रावण तपासायला सांगते. सेंट्रिफ्यूजची (नमुने वेगाने फिरवणाऱ्या यंत्राची) बकेट मात्र नेहमी सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायची, तीही थोडं थांबून. आपल्याला खरा धोका हवेत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा आहे.

औषधरोधाचं, म्हणजे जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही ते पाहण्याचं, काम सर्वांत रंजक, आणि नव्यांची सर्वांत जास्त तारांबळही तिथेच उडते. एमजीआयटीत औषध घातलेल्या नळीशेजारी औषध नसलेली नळी असते, आणि तिच्यात जंतू शंभरपट पातळ करून घातलेले असतात. औषधाची नळी तिच्या बरोबरीने वाढली, तर १ टक्का किंवा त्याहून जास्त जंतू औषधाला दाद देत नाहीत. हे तत्त्व नीट समजलं की मशीनचे आकडे घोकावे लागत नाहीत.

लाइन प्रोब अ‍ॅसे या जनुकीय तपासणीत आपण पट्टीवरच्या रेषा वाचतो. रिफॅम्पिसिनसाठी आरपीओबी हे जनुक, आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधासाठी कॅटजी आणि आयएनएचए ही जनुकं. मूळ जनुकाची रेषा गायब असेल पण ओळखीच्या बदलाची रेषा उमटली नसेल, तर रोध हा अनुमानाने ठरवलेला असतो, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहायचं. कॅटजी की आयएनएचए हेही लिहाच. आयएनएचएमधल्या बदलाने आयसोनियाझिडचा रोध बहुधा सौम्य असतो, पण इथिओनामाइड हे टीबीचं आणखी एक औषधही निकामी होण्याची शक्यता असते. डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्या एका ओळीवर ठरतो.

मग तो दिवस येतो: जनुक म्हणतं रिफॅम्पिसिन-रोधक, एमजीआयटी म्हणतं संवेदनशील. ‘कोण चुकलं?’ असं विचारू नका. आधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, ते पाहा. मग बदल कोणता ते शोधा. आरपीओबीमधले काही बदल जंतूला थोडाच रोध देतात. एमजीआयटीत ते हुकत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये रिफॅम्पिसिनची निर्णायक मात्रा (ज्या प्रमाणात जंतू वाढला तर तो रोधक ठरतो) १.० वरून ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. काही बदलांनी प्रथिन मुळीच बदलत नाही, तिथे जनुकाचा रिपोर्टच फसवा ठरतो. उलटंही घडतं. आरपीओबीमधलाच आय४९१एफ हा बदल जीनएक्स्पर्ट पाहतं त्या डीएनएच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्याबाहेर आहे. तो मशीनला दिसतच नाही, पण रुग्णावर रिफॅम्पिसिन चालत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात बहुऔषधरोधी (निदान रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या) टीबीच्या बऱ्याच रुग्णांत तो सापडला होता. अशा वेळी सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं क्रमाने वाचून घेणं, मागायला कचरू नका.

सुरुवातीच्या महिन्यांत असे न जुळणारे निकाल एका वहीत लिहीत जा: नमुना, कोणती तपासणी, काय दिसलं, शेवटी काय ठरलं. त्यांची कल्चर्स फ्रीजरमध्ये जपून ठेवा. शंका नंतर आली तर तपासायला जंतू हाताशी हवा. आणि रिफॅम्पिसिन-रोधक निकाल तपासून पक्का झाला की छापील रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा, समोरच्याकडून निकाल परत वाचून घ्या, आणि कोणाशी बोललात ते रजिस्टरमध्ये लिहा.