लहान मुलांच्या घरात बॉबिन लेसची सुरुवात

बॉबिन लेस म्हणजे लाकडी दांड्यांवर गुंडाळलेले दोरे, उशीवर रोवलेल्या टाचण्यांच्या आधाराने एकमेकांत गुंफून केलेली जाळी. या दांड्यांनाच बॉबिन म्हणतात; शिलाई मशिनच्या बॉबिनशी त्यांची गल्लत करू नये. ही कला १६व्या शतकात इटली आणि फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग) येथे बहरली आणि १९व्या शतकात मिशनऱ्यांमार्फत तमिळनाडूतील नागरकोइल परिसरात आली. कोल्हापूरच्या दुकानांत गजावर मिळणारी लेस बहुतांशी यंत्रावरची असल्यामुळे बॉबिन लेसचे साहित्य तयार मिळेल या अपेक्षेने बाजारात जाऊ नये. ते जमवावेच लागते. ज्या घरात मूल रांगते आहे तिथे मात्र टाका शिकण्याआधी हातातले काम कोणत्याही क्षणी सोडून उठण्याची रीत शिकणे अधिक गरजेचे आहे, आणि त्या दृष्टीने ही कला क्रोशापेक्षा सोयीची आहे, कारण येथे झालेली वीण टाचण्या जागच्या जागी धरून ठेवतात.

उशीसाठी चांगल्या घट्ट थर्माकोलचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून सुमारे ५ सेंटिमीटर जाडी करावी आणि त्यावर गडद रंगाचे, लव नसलेले सुती कापड ताणून बसवावे. खेड्याकडे ये-जा असेल तर भाताचे पिंजर बारीक कापून, ठोकून ठोकून भरलेली उशी त्याहून सरस, कारण तीत टाचणी पक्की बसते आणि उशी वर्षानुवर्षे टिकते. बॉबिन कातून घेण्यासाठी लाटणी करणाऱ्या कातारीला साधारण १० सेंटिमीटर लांबीचा, पेन्सिलीएवढ्या जाडीचा आणि वरच्या टोकाला खाच असलेला नमुना कागदावर काढून द्यावा. तोवर कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे वापरण्यास हरकत नाही: दोरा चिमट्याला गुंडाळून शेवटचा वेढा त्याच्या तोंडात धरला की तो सुटत नाही. चिमटा लहान मुलाच्या घशात जाण्याजोगा नसतो, हा आणखी एक फायदा. दोरा म्हणून २० नंबरचा क्रोशाचा सुती दोरा पुरे.

टाचण्यांचा विचार नीट करावा. लेससाठी पितळी टाचण्या उत्तम मानल्या जातात, कारण त्या गंजत नाहीत. पण पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, आणि फरशीवर पडलेली टाचणी रांगणाऱ्या बाळाच्या आधी आपल्या हाती लागायची तर चुंबकासारखा उपाय नाही. म्हणून मूल लहान असेतोवर चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी टाचण्याच घ्याव्यात (दुकानातच चुंबक लावून पाहावे, कारण काही स्टेनलेस स्टील चिकटत नाही) आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उशीवर काम तसेच ठेवू नये, नाहीतर दोऱ्यावर गंजाचे डाग पडतात. टाचण्या मोजून काढाव्यात आणि उठताना मोजूनच ठेवाव्यात. मुलाने टाचणी गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

पहिले काम वाचनखुणेची साधी पट्टी असावे. शाळेच्या आलेख कागदावर १२ मिलिमीटर अंतराने दोन उभ्या रेषा आखून प्रत्येकीवर ४ मिलिमीटरवर ठिपके द्यावेत. उजवीकडचे ठिपके डावीकडच्यांपेक्षा २ मिलिमीटर खाली यावेत. कागद जाड कार्डावर चिकटवून ठिपक्यांवर सुईने भोके पाडावीत. बॉबिनच्या ७ जोड्या लागतात: ६ उभ्या जोड्या, प्रत्येकी सुमारे १ मीटर दोऱ्याच्या, आणि आडवी फिरणारी १ जोडी, सुमारे ४ मीटरची. जोडी म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बॉबिन, मध्ये गाठ नाही. फिरत्या जोडीचा दोरा लाल किंवा निळा घ्यावा, म्हणजे चूक लगेच दिसते आणि कामावर परत बसताना शोधाशोध होत नाही.

सगळी वीण दोनच हालचालींची आहे. शेजारच्या दोन जोड्यांच्या चार बॉबिनना डावीकडून १ ते ४ मानावे. हे क्रमांक जागांचे आहेत, बॉबिनचे नव्हेत. ओलांडा म्हणजे २ला ३वरून नेणे. पीळ म्हणजे २ला १वरून आणि ४ला ३वरून नेणे. ओलांडा, पीळ, ओलांडा झाला की पूर्ण टाका झाला. फिरती जोडी अशा पूर्ण टाक्यांनी सहाही उभ्या जोड्यांतून पार न्यावी, कडेला तिला एकटीला दोन पीळ (उजवे बॉबिन डाव्यावरून) द्यावेत, तिच्या आतल्या बाजूला पुढच्या भोकात टाचणी किंचित बाहेर आणि मागे कलती रोवावी, आणि टाचणीला वळसा घालून परत फिरावे. प्रत्येक ओळीनंतर उभे दोरे हलकेच ओढून सारखे करावेत. निदान शेवटच्या ५ सेंटिमीटरमधील टाचण्या काढू नयेत.

आता सोडण्याची रीत. पाळण्यातून आवाज आला तर ओळ पुरी करण्याचा मोह होतो, पण हातातला टाका संपवून थांबले तरी चालते, कारण रंगीत जोडी कुठे पोहोचली आहे हे दिसतेच; वेळ असेल तर मात्र कडेच्या टाचणीपर्यंत जावे. सर्व बॉबिनवरून कापडाची रुंद पट्टी आडवी घेऊन दोन्ही टोकांना टाचावी, म्हणजे त्यांचा क्रम बिघडत नाही, आणि उशी झाकणाच्या खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावी. पलंगावर किंवा सतरंजीवर बसून हे काम करूच नये. उंच टेबल हवे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दूर ठेवण्यापेक्षा चार चिमटे आणि चार रंगांची जाड सुतळी देऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवावे. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे १८७६ पासून लेसची शाळा आहे आणि तिथे शाळकरी मुले ही वीण शिकतात, तेव्हा हे वय लहान म्हणता येत नाही. मात्र त्याच्या कामात टाचणी नको, सुतळी पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावावी.

पट्टी संपल्यावर दर जोडीची दोन टोके घट्ट गाठून झालर सोडावी आणि मगच टाचण्या काढाव्यात. दुसऱ्या पट्टीला याच ७ जोड्यांवर, मधल्या भागात शेवटचा ओलांडा गाळून अर्धा टाका घालून पाहावा. वीण जाळीदार होते, आणि टॉर्शन या भौमितिक आकारांच्या साध्या बॉबिन लेसचे नमुने याच दोन टाक्यांवर उभे असतात.