मज्जेला चालना देणारी औषधे : या चुका टाळा

रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि कोणत्या पेशी किती वाढवायच्या, याचा आदेश तेथील पेशींना त्यांच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरमार्फत, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांमार्फत, मिळतो. एरिथ्रोपोएटिन (लाल पेशींसाठी), फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशींसाठी) व एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेटसाठी) ही औषधे याच रिसेप्टरवर काम करतात. ती फक्त आदेश पोहोचवतात. पेशी घडवण्याचा कच्चा माल आणि त्यासाठी लागणारा वेळ मज्जेलाच द्यावा लागतो, हे विसरल्यामुळे बहुतेक चुका होतात.

डायलिसिसवरील रुग्णांना एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने लागतात, कारण निकामी मूत्रपिंडात हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. एरवी मरून गेल्या असत्या अशा लाल पेशींच्या पूर्वपेशी त्यामुळे तगतात. परंतु त्यांच्यात हिमोग्लोबिन भरायला लोहच नसेल, तर कितीही इंजेक्शने दिली तरी हिमोग्लोबिन हलत नाही. त्यामुळे ‘इंजेक्शन लागू पडत नाही’ असे ठरवून मात्रा वाढवण्याआधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या शरीरातील लोह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहाव्यात, आणि त्याही ठीक असतील तर दडलेला संसर्ग, रक्तस्राव किंवा बी-12 ची कमतरता शोधावी. औषध घरी आणताना बर्फात गोठले होते का, हेही विचारावे, कारण गोठलेले इंजेक्शन वापरता येत नाही.

परिणाम दिसायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, म्हणून चार आठवड्यांच्या आत मात्रा वाढवू नये. हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके व्हावे हा कुटुंबीयांचा आग्रह मी समजू शकतो, पण तो धोक्याचा आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉयर’ या अमेरिकी अभ्यासात, डायलिसिस सुरू न झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये, हिमोग्लोबिनचे 13.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना 125 जणांत घडल्या, तर 11.3 चे लक्ष्य असलेल्या गटात 97 जणांत. रक्तदाबाची नोंद ठेवणेही म्हणूनच टाळू नये.

फिलग्रास्टिमच्या बाबतीत चूक वेळेची होते. केमोथेरपीनंतर 24 तास उलटण्याआधी ते देऊ नये, कारण त्याने विभाजनाला लावलेल्या कोवळ्या पेशीच केमोथेरपीच्या तडाख्यात सापडतात. पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तरी तो मज्जेतील साठा बाहेर आलेला असतो. तेवढ्यावर इंजेक्शने थांबवू नयेत. कंबर किंवा हाडे दुखणे हा नेहमीचा परिणाम आहे, मात्र डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना झाल्यास प्लीहेची तपासणी तातडीने करून घ्यावी.

प्लेटलेट वाढवणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध, दही, अँटासिड किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतली, तर कॅल्शियम व लोह तिला आतड्यातच बांधून ठेवतात. या पदार्थांच्या किमान 2 तास आधी किंवा 4 तासांनंतर ती घ्यावी. आयटीपीमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते असा आजार) रक्तस्राव टळेल इतक्या, म्हणजे रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये साधारण 50,000 प्लेटलेट पुरतात. आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद केल्यास प्लेटलेट पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकतात. डॉक्टरांनी ती थांबवली, तरी पुढचे चार आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करावी.