खडकाच्या पायथ्याशी बंद पडणारे इंजिन
क्लासिक ट्रायल्समध्ये, म्हणजे जुन्या मोटारसायकली खडकाळ वाटेवरून पाय न टेकता चालवण्याच्या स्पर्धेत, पाय एकदा टेकला तर एक दंडगुण मिळतो, पण सेक्शन (वाटेचा आखलेला टप्पा) अपुरा राहिला तर पाच. आणि माझी जुनी फोर-स्ट्रोक मोटारसायकल खडकाच्या पायथ्याशी, थ्रॉटल जेमतेम उघडताच, हमखास बंद पडत असे. प्लग, पॉइंट्स, टायमिंग सारे तपासून झाले. दोष अखेर कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे संथ गतीत इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्रात सापडला. हा जेट आत दाबून बसवलेला असल्याने बाहेर निघत नाही (म्हणूनच तो साफ करायचा राहून जातो). एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढून त्या भोकातून ०.४ मिलिमीटरची तार अलगद सरकवली, तेव्हा वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट, चिकट थर सुटून आला. मग इंजिन गरम असताना स्क्रू थोडा थोडा फिरवून जुळवला. आता एकेक ठोका मोजता यावा इतक्या संथ गतीतही इंजिन दगा देत नाही.